वाचकांचे प्रश्न : जुन्या जीपच्या इंजिनामागची तेलगळती

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या काळातील महिंद्रा सीजे-३बी पेट्रोल जीप असून तिचे ‘हरिकेन’ इंजिन मूळचेच आहे. मागील पावसाळ्यापासून बेल हाउसिंगच्या (इंजिन व गिअरबॉक्स यांमधील, क्लचवरच्या कवचाच्या) तळाच्या भोकातून ऑइल ठिबकू लागले आणि घाटात क्लच घसरू लागला. गावातील एका गॅरेजमध्ये क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील बदलून घेतले व क्लच प्लेटही नवी टाकली. थोड्याच महिन्यांत गळती पुन्हा सुरू झाली. आता इंजिन पूर्ण खोलावे लागेल असे सांगण्यात येत आहे. सील इतक्या लवकर का गेले, आणि ते बदलण्याची योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सील पुन्हा गेले असे गृहीत धरण्यापूर्वी ऑइल खरोखर सीलमधूनच येते आहे, याची खात्री करून घ्यावी. या इंजिनाच्या मागील बाजूस ऑइल पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या सगळ्या शेवटी बेल हाउसिंगच्या तळाच्या त्या एकाच भोकाशी येऊन मिळतात. त्यामुळे तेथून पडणाऱ्या थेंबावरून ऑइल आत शिरले आहे एवढेच कळते, ते कोठून शिरले हे कळत नाही. क्रँकचे सील ही त्या वाटांपैकी सर्वांत खर्चिक वाट आहे. म्हणून तिच्याकडे शेवटी वळावे.

अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५३ मध्ये मूळ सीजे-३बी बाजारात आणली, तेव्हा तिचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच करावे लागले. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, म्हणून हे इंजिन उंचीला जास्त आहे. गळतीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की आधीच्या जीपमधील जुन्या ‘गो-डेव्हिल’ इंजिनावर नसलेले रॉकर कव्हर (हेडमधील व्हॉल्व्हवरचे झाकण) या इंजिनावर आहे आणि मॅनिफोल्डच्या आड दडलेले टॅपेट कव्हर (ब्लॉकमधील व्हॉल्व्हचे झाकण) तर दोन्हींवर आहे. या दोन कव्हरांच्या पॅकिंगमधून पाझरलेले ऑइल ब्लॉकवरून खाली उतरते, पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते आणि इंजिन व बेल हाउसिंग यांच्या सांध्यातून आत जाते. तिसरी वाट कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाची. तेथील भोक एका डमी प्लगने बंद केलेले असते. हा प्लग गंजला किंवा सैल झाला, तर ऑइल थेट फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या मागच्या टोकावरील जड चाकाच्या) पोकळीत उतरते आणि खालून पाहणाऱ्यास ती गळती हुबेहूब सीलची वाटते. चौथी वाट चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या पात्राच्या) पॅकिंगचा मागचा भाग, आणि पाचवी वाट जिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती म्हणजे मागच्या मेन बेअरिंग कॅपच्या (क्रँकला खालून धरणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंच्या रबरी पट्ट्या.

तुमच्या जीपच्या बाबतीत माझा पहिला संशय या पट्ट्यांवरच आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मागची कॅप ब्लॉकमधील खाचेत बसते तेव्हा कॅप आणि ब्लॉक यांच्यामध्ये दोन्ही अंगांना एकेक उभी पोकळी उरते. ती बंद करण्यासाठी खालून रबरी पट्टी सरकवायची असते. पूर्ण आत गेल्यावरही तिचे टोक चेंबर बसण्याच्या पातळीच्या सुमारे पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर, बाहेर राहते आणि ते तसेच राहिले पाहिजे. चेंबर आवळला की हे टोक दाबले जाते, पट्टी आतल्या आत फुगते आणि पोकळी भरून निघते. बाहेर आलेले रबर जादा आहे असे समजून एखादा कारागीर ते ब्लेडने सपाट कापून टाकतो आणि वर सिलिकॉनचा लेप देतो. काम नीटनेटके दिसते, पण पट्टीवर दाबच न आल्यामुळे काही काळातच तिच्या कडेने ऑइल झिरपू लागते. सील नवे, प्लेट नवी आणि गळती मात्र जुनीच, या तक्रारीमागे हे कारण अनेकदा असते.

तपासणी अशी करावी. इंजिन बाहेरून डिझेलने व नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. रॉकर कव्हर, टॅपेट कव्हर, ब्लॉकची मागची कड आणि चेंबरचा सांधा यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन चांगले तापेपर्यंत चालवून प्रखर विजेरीने पाहिले, की ओल कोठून सुरू होते ते पांढऱ्या पावडरीवर स्पष्ट उमटते. येथे वरची ओली जागा महत्त्वाची आहे, खालची नव्हे, कारण ऑइल खालीच उतरणार. वरचे सर्व भाग कोरडे राहिले आणि तरीही भोकातून ऑइल आले, तरच गिअरबॉक्स उतरवण्याचा विचार करावा. गिअरबॉक्स उतरल्यावर लगेच काहीही पुसू नये. फ्लायव्हीलच्या इंजिनाकडील तोंडावर मध्यापासून कडेकडे फेकलेल्या ऑइलच्या रेषा असतील, तर गळती क्रँकच्या आसपासची आहे. क्रँकच्या पातळीच्या वरपर्यंत मागची प्लेट ओली असेल, तर कॅमशाफ्टचा डमी किंवा वरची कव्हरे तपासावीत. क्लच प्लेटच्या गिअरबॉक्सकडील बाजूलाच ऑइल असेल आणि इंजिनाची बाजू कोरडी असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाचा आहे.

सीलच दोषी आहे असे ठरल्यावरही ते का गेले हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा क्रँककेसमधील (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीतील) दाबात सापडते. हे सील दाब अडवण्यासाठी केलेलेच नाही; फिरत्या क्रँकवर पसरलेले ऑइल आतच राहावे एवढेच त्याचे काम आहे. पिस्टन रिंगांच्या कडेने खाली उतरणारा वायू ओढून घेण्यासाठी या इंजिनात क्रँककेसपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत नळी व तिच्यात एक लहान व्हॉल्व्ह दिलेला आहे. तो काजळीने चिकटला, किंवा कार्ब्युरेटरचे ट्यूनिंग बसत नाही म्हणून कोणी ती नळी बंद करून टाकली, तर वायूला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि तो ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. इंजिन आयडलिंगवर असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून त्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरावी. ती किंचित आत ओढली गेली तर व्यवस्था ठीक आहे. ती फुगू लागली, तर आधी व्हॉल्व्ह व नळी साफ करावी, आणि त्यानंतरही फुगत असेल तर चारही सिलिंडरांचे कम्प्रेशन मोजावे. रिंगा झिजलेल्या इंजिनात घातलेले नवे सील टिकणार नाही, मग ते कितीही उत्तम कंपनीचे असो.

दुसरे कारण बेअरिंगचे. मागच्या मेन बेअरिंगमध्ये मोकळीक वाढली की क्रँक सीलच्या मध्यावर न फिरता थरथरत फिरतो आणि सीलचा लिप (क्रँकवर टेकणारी रबरी कड) त्याच्या मागे धावू शकत नाही. या इंजिनाच्या मेन बेअरिंगमधील मोकळीक मॅन्युअलप्रमाणे ०.०००३ ते ०.००२९ इंच असावी लागते. प्लास्टीगेजची पट्टी (दाबल्यावर किती पसरली त्यावरून मोकळीक सांगणारा मऊ दोरा) ठेवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून आणि पुन्हा उघडून ती मोजता येते. या मोजणीत क्रँक मुळीच फिरवू नये. क्रँकची पुढेमागे होणारी हालचाल ०.००४ ते ०.००६ इंच असावी आणि ती पुढच्या टोकाकडील शिमांनी (पातळ चकत्यांनी) जुळवली जाते. क्लच पेडल दाबल्यावर पुढची पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकत असेल, तर ही मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लिपचे दोन भागांचे सील क्रँक न काढता बदलता येते. इंजिन गाडीतच ठेवून ऑइल काढावे, चेंबर उतरवावा आणि मागची कॅप काढावी. बाजूच्या पट्ट्यांमुळे ती घट्ट बसलेली असते. तिच्या सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण त्या सपाट पृष्ठभागावर पडलेला ओरखडा पुढे गळतीची नवी वाट होतो. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे हलवत कॅप सरळ खाली ओढावी. इतर दोन कॅप काढू नयेत, केवळ किंचित सैल कराव्यात, म्हणजे क्रँक केसभर खाली येतो. मग सीलच्या वरच्या अर्ध्या भागाचे एक टोक पितळी किंवा लाकडी दांडीने हलके ठोकले, की दुसरे टोक बाहेर डोकावते आणि पकडीने धरून ते फिरवत काढता येते. येथे लोखंडी टोकदार हत्यार वापरू नये.

जुने सील निघाल्यावर, नवे घालण्याची घाई करण्याआधी, क्रँकचा सीलखालचा भाग पेट्रोलने स्वच्छ पुसून त्यावरून आडवे नख फिरवावे. वर्षानुवर्षे लिप घासून तेथे चकचकीत पट्टा पडलेला असतो. नख त्यावरून सरळ सरकले, तर अतिशय बारीक पॉलिश पेपरने क्रँकच्या गोलाईच्या दिशेने तो भाग साफ करणे पुरेसे आहे. नख अडकले, तर तेथे खाच पडली आहे आणि नवे लिप सील त्याच खाचेत बसून लवकरच गळेल. तुमच्याकडे गळती ‘थोड्याच महिन्यांत’ परत आली, याचे हेही एक कारण असू शकते. अशा वेळी क्रँक काढून चांगल्या मशीन शॉपमध्ये दुरुस्त करून घेणे हाच खरा उपाय आहे.

नव्या सीलचा लिप इंजिनाच्या आतल्या बाजूस, म्हणजे गाडीच्या पुढच्या दिशेला, तोंड करून असला पाहिजे. तो उलटा बसला तर ऑइल अडवण्याऐवजी बाहेर काढून देतो. लिपला इंजिन ऑइल लावावे, मात्र सीलची पाठ व खाच कोरडी ठेवावी. वरचा भाग सरकवताना ब्लॉकच्या खाचेची धारदार कड त्याच्या पाठीचे रबर तासते. ते टाळण्यासाठी कडेवर पातळ प्लॅस्टिकची पट्टी धरावी आणि एकाने सील ढकलत असताना दुसऱ्याने क्रँक सावकाश फिरवावा. दोन अर्धे भाग जेथे भेटतात त्या टोकांवर सिलिकॉन सीलंटचा मोहरीएवढा ठिपका आणि कॅपच्या सांध्यावर, बेअरिंगच्या मागच्या भागातच, त्याचा अगदी पातळ थर द्यावा. सीलंट बेअरिंगवर किंवा ऑइलच्या मार्गात गेले, तर गळतीपेक्षा मोठे संकट ओढवते. मेन बेअरिंगचे बोल्ट ६५ ते ७५ फूट-पाउंड टॉर्कला, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत, आणि सैल केलेल्या पुढच्या कॅप विसरू नयेत. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो एखाद्या ठिकाणी अडत असेल तर तेथेच थांबावे. त्यानंतर बाजूच्या पट्ट्यांना ऑइल लावून त्या सरकवाव्यात, त्यांची टोके न कापता चेंबर नव्या पॅकिंगसह बसवावा, आणि चेंबरचे बोल्ट अति आवळू नयेत, कारण पत्रा वाकला की पॅकिंग निरुपयोगी होते.

राहता राहिली क्लच प्लेट. ऑइल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. प्लेट तापली की लायनिंगमध्ये मुरलेले ऑइल पुन्हा वर येते, म्हणून ती बदलावीच. पण गळतीचे मूळ सापडेपर्यंत नवी प्लेट विकत घेऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेली विलीज जीप आहे. तिच्या इंजिनात दोरीचे सील असल्याचे सांगतात. त्याऐवजी रबरी लिप सील घालावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गो-डेव्हिल आणि हरिकेन या दोन्ही इंजिनांचा खालचा भाग बराचसा सारखा आहे. सुरुवातीच्या इंजिनांत विणलेल्या दोरीचे सील असे आणि नंतरच्या काळात त्याच जागी लिपचे सील आले. तुमचा क्रँक गुळगुळीत असेल व बेअरिंगची मोकळीक मर्यादेत असेल, तर लिप सील घालावे. ते अधिक कोरडे राहते. क्रँक थोडा झिजलेला असेल आणि सध्या तो काढून ग्राइंड करण्याची तयारी नसेल, तर दोरी अधिक समजूतदारपणे वागते, कारण ती रुंद पट्ट्यावर टेकते आणि क्रँकच्या आकाराशी जुळवून घेते. मात्र वरच्या भागातील दोरी क्रँक जागेवर असताना नीट बसवता येत नाही. ओढून-ताणून बसवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्यांवर विसंबू नये. दोरीचे काम करायचे तर इंजिन बाहेर काढून क्रँक उचलणेच योग्य.

दोरी बोटांनी खाचेत दाबावी, मग क्रँकच्या जर्नलइतक्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाइतक्या) जाडीचा गुळगुळीत गोल दांडा घेऊन दोन्ही टोकांकडून मध्याकडे घोटत ती तळापर्यंत बसवावी. टोके नव्या ब्लेडने एका झटक्यात कापावीत. कॅप आणि ब्लॉक यांच्यामध्ये दोरीचा एक तंतू जरी अडकला, तरी कॅप पूर्ण टेकत नाही आणि बेअरिंगची मोकळीक बदलते. ऑइलमध्ये किती वेळ भिजवायची ते दोरीच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून पाकिटावरील सूचना पाळाव्यात. नवी दोरी घातल्यावर क्रँक हाताला जड लागतो, ते स्वाभाविक आहे.

एक गोष्ट मनावर घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुनी दोरी ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि जुन्या क्लच लायनिंगचेही तेच. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनंतर गंभीर आजार, कर्करोगही, होऊ शकतो. बेल हाउसिंगमधील धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ती पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, जुनी दोरी ओली असतानाच काढावी, योग्य प्रकारचा मास्क लावावा आणि फडके व दोरी पिशवीत घट्ट बांधून टाकावी. गॅरेजमधील शिकाऊ मुलाकडून हे काम कोरडे करून घेऊ नये.

प्रश्न : माझ्या महिंद्रा एमएम-५४० जीपला इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधून ऑइल गळते. एक मिस्त्री इंजिनाचे सील म्हणतात, दुसरे गिअरबॉक्सचे. घरच्या घरी ठरवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पेट्रोल जीपपेक्षा तुमचे काम सोपे आहे. एमएम-५४० मध्ये प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आहे. डिझेल इंजिनाचे ऑइल काजळीमुळे बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे होते. गिअर ऑइल मधाळ रंगाचे, अधिक चिकट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे राहते. पांढरा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवावा व सकाळी थेंब बोटांत चोळून वास घ्यावा. गळती दोन्हीकडून असेल तर रंगावरून फसगत होऊ शकते, म्हणून इंजिनाची पातळी गेज काडीवर आणि गिअरबॉक्सची पातळी बाजूच्या प्लगवरून एकाच दिवशी, सपाट जागेवर पाहून लिहून ठेवावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहावी. जी उतरली असेल तिचे सील बदलावे. गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ आलीच, तर मात्र दोन्ही बाजूंची सीले एकदमच बदलून घ्यावीत. मजुरीच्या मानाने त्यांची किंमत किरकोळ असते.

प्रश्न : सील न बदलता जाड ऑइल किंवा गळती थांबवणारे बाटलीतील औषध वापरावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बाटलीतील द्रव कडक झालेले रबर थोडे फुगवून मऊ करतो. सील केवळ वयाने कडक झाले असेल तर काही काळ गळती कमी होते. दोरीच्या सीलवर, कापलेल्या लिपवर, खाच पडलेल्या क्रँकवर आणि वर सांगितलेल्या कॅपच्या पट्ट्यांवर त्याचा उपयोग नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल घातल्यास सकाळी इंजिन सुरू होताना बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचायला उशीर लागतो, म्हणून तेही टाळावे. क्लच घसरत नसेल आणि सकाळी जमिनीवर एखादाच ठिपका दिसत असेल, तर सील बदलण्याची घाई न करता दर आठवड्याला गेज काडी पाहावी, ब्रीदरची (क्रँककेसमधील वायू बाहेर नेणारी) नळी साफ ठेवावी आणि क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा हे काम त्याबरोबरच करून घ्यावे.